तेरावं अक्षर

कोहकाटोला, ता. कुरखेडा
१२ नोव्हेंबर २०२४

खुशबू, जय भीम.

हे पत्र पाहून तू हासशीन. म्हणशीन, लटारूमामाले फोन नाई का. फोन हाय. पण इथी रेंज पकडाची त टेकडीवर चढा लागते, अन् माह्या गुडघ्यायनं टेकडीले हात जोडले. मंग मनात आलं, पस्तीस वर्षं मी लोकायची पत्रं घरोघरी पोचवली, मले कधी कोणी लिहिलंच नाई. आता रिटायर झालो त भाचीलेच कामाले लावू.

काम असं हाय. शाळेमांगची पंचायतीची रिकामी खोली मी मागून घेतली, हे तुह्या आईनं सांगतलंच असन. पोट्टे तिले पुस्तक खोली म्हणतात. एका कॉलेजानं जुने म्हणून पाच कॉम्प्युटर देले, ते भिंतीले लावले. मांग दोन मोठे मशीनचे डबे हायत. एकात पुस्तकं, दुसऱ्यात दहावीचे बोलते धडे. इंटरनेट नाई, सारं खोलीतल्या खोलीत. आतापर्यंत ठीक हाय.

पण पुस्तकं पाहाची त लांबलचक नंबर मारा लागते. एकशेब्याण्णव, ठिपका, एकशेअडुसष्ट, ठिपका, अन् पुढे काय ते मलेच आठवत नाई. पोट्टे तळहातावर लिहून आणतात अन् घामानं पुसते. मी इतकी वर्षं टपाल वाटलं, गावात एकाही घराले नंबर नव्हता. नावावर सारं पोचलं. इथी काऊन नाई पोचत?

अन् घाई अशी की पत्रू कुमरे, आमचा ग्रामसभेचा अध्यक्ष, त्याले मोहफुलं ठेवाले कोरडी खोली पाह्यजे. माणूस वाईट नाई, अन् मागच्या साली दहा पोते मोह ओला होऊन सडला हे बी खरं. त्याचं म्हणणं, तुह्या खोलीत शिकाले कोणी येतच नाई, पोट्टे खेळतात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव हाय. तवापर्यंत खोली नीट चालून दाखवली त राहीन, नाई त मोहाचे पोते आत अन् मी बाहेर.

तू चंद्रपुरात कॉम्प्युटर इंजिनेर. मी गावभर सांगून ठेवलं की भाची करून देते. तुही मामी बायनाबाई म्हणते, पहिले पोरीले विचाराचं होतं. त विचारून राह्यलो.

तुहा
लटारूमामा


चंद्रपूर
२० नोव्हेंबर २०२४

मामा, जय भीम.

पत्र ऑफिसात आलं. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं, कोणी तरी तिकिटाचा वासही घेतला. मला लय भारी वाटलं.

तुम्हाला जे पाहिजे त्याला डीएनएस म्हणतात. घाबरू नका, तो म्हणजे तुम्हीच. कोणी नाव विचारलं की नंबर सांगणारा. कॉम्प्युटरला नाव मारलं की तो आधी ह्या नाव सांगणाऱ्याकडे जातो, विचारतो, हे कुठी राहते? उत्तर मिळालं की त्या नंबरवर जातो. पुस्तकांच्या डब्यातच आपण एक नाव सांगणारा बसवू.

साध्या पद्धतीत ही नावं एका फाईलमध्ये लिहून ठेवतात, पण तिथे एक कंस चुकला की सारंच बंद पडतं. म्हणून मी डेटाबेसवाला निवडला. त्यात नावं तक्त्यात असतात, तुमच्या वाटपाच्या रजिस्टरासारखी. एक ओळ, एक नाव, पुढे नंबर. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं भरलं आहे आणि कागदावर पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहिल्या आहेत.

सगळं बसलं की तक्त्याचं पान उघडेल. क्षेत्राच्या जागी, म्हणजे टपालात गावाचं नाव असतं तिथे, फक्त 'खोली' लिहा आणि पुढे चला. मग नावांच्या रकान्यात, पहिल्या ओळीत लिहा पुस्तक.खोली. दुसऱ्या ओळीत लिहा दहावी.खोली. सगळं इंग्रजी अक्षरांत. नंबर कागदावर आहेत. मामा, एक गोष्ट मात्र पाळा. मी जसं लिहिलं तसंच्या तसं उतरवायचं. ह्या मशीनी फार खडूस असतात, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ओळखच दाखवत नाहीत.

मी स्वतः आले असते, पण नोकरी नवीन, सुट्टी मिळत नाही. तसं हे माझ्यासाठी रोजचंच काम आहे. काळजी करू नका.

मामीला सांगा, इकडे लाखोरीची भाजी मिळत नाही.

खुशबू


कोहकाटोला
१ डिसेंबर २०२४

खुशबू, जय भीम.

पेनड्राइव्ह भेटला. इथचं टपाल आता नवा माणूस वाटते, त्यानं पाकीट हलवून मलेच विचारलं, आत काय हाय. मी म्हणलं, बावा, हे विचारणं तुह्या कामात बसत नाई.

तुह्या कागदावरच्या पायऱ्या मी एक-एक करून चढलो. बायनाबाई वाचे, मी मारो. तिले इंग्रजी वाचता येत नाई, पण अक्षरं ओळखते, त एक-एक अक्षर बोलून सांगे. दुपारी बसलो, दिवे लावाच्या टाईमले उठलो. तुह्या मामीनं एवढं माह्याशी लग्न झाल्यापासून बोललं नसन.

सारं बसलं, पण नाव सांगणारा उठतच नाई. चालू केला की दोन मिनिटात मान टाकते अन् एक ओळ लिहून जाते. ती तशीच्या तशी उतरवतो. त्रेपन्न नंबरचं काही सांगते अन् मंग 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज'. बाकी अक्षरं मांगच्या पानावर काढली हायत, चित्र काढल्यासारखी.

मले इतकंच समजलं की त्याच्या पत्त्यावर आधीच कोणी राहून राह्यलं. असं माह्या नोकरीत बी व्हायचं.

पत्रू काल येऊन गेला. जय सेवा घातला, पाणी पेला, अन् भिंतीले टेप लावून मापं घेतली. मनात लय राग आला. पाहुणा अन् माप घेते. बायनाबाईनं मंग त्याले चहा बी देला नाई.

खोलीत कोणी येतच नाई हे खोटं हाय. दुपारी दोनले एक विद्यार्थी येते, रोज. नाव विचारू नको. ते आल्यावर मी बाहेर ओट्यावर बसतो.

लाखोरीची भाजी वाळवून पाठवतो.

लटारूमामा


चंद्रपूर
८ डिसेंबर २०२४

मामा, जय भीम.

तुम्ही ती ओळ वाचून निदान केलं तेच खरं आहे. प्रत्येक मशीनला पुष्कळ दारं असतात आणि नाव सांगणारा नेहमी त्रेपन्न नंबरच्या दारात बसतो. सगळ्या जगात हाच नेम. तुमच्या मशीनमध्ये तिचा स्वतःचा एक छोटा नाव सांगणारा आधीपासून तिथे बसून आहे, तो कोणालाच जागा देत नाही. त्याला उठवायचं आहे. सोबतच्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत, त्या मारा आणि मशीन एकदा बंद करून चालू करा. मग आपला माणूस दारात बसेल.

त्यानंतर एक नंबरच्या कॉम्प्युटरवर पुस्तक खोलीचं नाव मारून पाहा आणि काय दिसतं ते कळवा.

मामीची ती अक्षरवाचनाची गोष्ट मी मैत्रिणीला सांगितली. ती म्हणाली, तुझी मामी नोकरीला ठेवण्यासारखी आहे.

पत्रूभाऊला चहा द्या. चहा न दिल्यानं खोली वाचत नाही.

खुशबू


कोहकाटोला
१९ डिसेंबर २०२४

खुशबू, जय भीम.

आधीचा उठला, आपला बसला. हिरवा शब्द आला, चालू आहे म्हणून. मी खोलीत एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

मंग एक नंबरवर नाव मारलं. तुले काय सांगू, उत्तर आलं त 'असं नाव नाई'. दुसरं नाव मारलं, 'असं नाव नाई'. दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर मारलं, तेच. अगा, तक्त्यात मी माह्या हातानं लिहिलं हाय. तिथी नाव दिसते अन् हा म्हणते नाई. नवा टपालवाला बरा, निदान पाकीट हलवून त पाहाते.

तक्ता तपासला. तू लिहिलं तसंच हाय. पहिल्या ओळीत पुस्तक.खोली. दुसऱ्या ओळीत दहावी.खोली. नंबर बराबर. क्षेत्राच्या जागी खोली. चष्मा पुसून दोनदा पाह्यलं.

पोट्टे आता खोलीत येऊन सारखे नाव मारून पाहातात अन् 'नाई' आलं की हासतात. त्यायले खेळ झाला. तळहातावर नंबर लिहिणं बी सुटलं, आता ते काहीच उघडत नाईत. दुपारचा विद्यार्थी मात्र नंबर पाठ करून आला. त्याच्यासाठी लय वाईट वाटते, त्याचा टाईम जाते यात.

सव्वीस जानेवारीले पाच हप्ते राह्यले.

लटारूमामा


चंद्रपूर
२६ डिसेंबर २०२४

मामा, जय भीम.

तक्ता मी दोनदा वाचला. नावं बरोबर, नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर. मग तो नाही का म्हणतो, मला खरंच कळत नाही.

एक उपाय आहे. हा नाव सांगणारा एक वही ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. कोणत्या कॉम्प्युटरवरून, किती वाजता, कोणी काय नाव विचारलं आणि त्याने काय सांगितलं, सगळं त्यात ओळीनं असतं. ती वही कशी उघडायची ते चिठ्ठीत लिहिलं आहे. शेवटच्या दहा ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवा. त्यात चूक दिसेलच.

लवकर पाठवा मामा. मला आता थोडी धाकधूक वाटायला लागली आहे.

खुशबू


कोहकाटोला
५ जानेवारी २०२५

खुशबू, जय भीम.

वही उघडली. पाह्यली अन् बंद केली.

बेटा, त्यात कोण किती वाजता काय मागून राह्यलं हे सारं लिहिलं हाय. दोन वाजता कोणत्या कॉम्प्युटरवर कोण बसते हे मले ठावूक. त्यानं काय मागितलं हे मी तुले लिहून पाठवू? ते दुसऱ्याचं पत्र फोडून वाचल्यासारखं हाय. तू म्हणशीन, मामा, मी काय गावात सांगाले येऊन राह्यली. नाई येत. पण नेम तो नेम.

माह्या नोकरीत एकदा एक बाप आला होता. म्हणे, माह्या पोरीले कोणाचं पत्र येते ते फक्त सांग, वाचू नको देऊ. चांगला माणूस होता, माह्या ओळखीचा. मी त्याले सांगतलं, तुह्या घरचं टपाल ज्याच्या नावचं त्याच्याच हातात जाईन, अन् तू विचारलं हे बी मी कोणाले सांगणार नाई. दोन वर्षं बोलला नाई माह्याशी.

तरी तुही अडचण समजते. म्हणून दहा ओळी उतरवल्या, फक्त जिथं-जिथं मागितलेलं नाव होतं तिथं 'अमुक' लिहिलं. टाईम बी झाकला. बाकी सारं तसंच.

पत्रूनं परवा दोन पोते आणून ओट्यावर ठेवले. रिकामे. म्हणे, जागा धरून ठेवतो. मी उचलून त्याच्या घरी नेऊन देले, त्याच्या बायकोनं, वच्छलानं, घेतले. ती मान खाली घालून घरात गेली.

लटारूमामा


चंद्रपूर
१२ जानेवारी २०२५

मामा,

तुमच्या दहा ओळी आल्या. अमुक नाही, अमुक नाही, अमुक नाही. असं दहा वेळा. मी काय करू यांचं? चूक असेल तर ती त्या नावातच असेल, आणि तुम्ही नेमकं नावच झाकलं. मला लय राग आला. पत्र टेबलावर आपटलं मी.

मग राग उतरला आणि भीती उरली. आता खरं लिहिते, तुम्ही वाचून काय वाटायचं ते वाटू द्या.

मी इंजिनियर नाही. आईनं तसं सांगितलं आणि मी कधी खोडलं नाही. मी फोनवर बसते. लोकांचा प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरतो, तेव्हा ते मला फोन करतात आणि मी सांगते बंद करून चालू करा. डीएनएस मी आयुष्यात कधी बसवला नव्हता. तुमचं पहिलं पत्र आल्यावर आमच्या ऑफिसातल्या दिनेशसरांना विचारून, त्यांचं जुनं मशीन माझ्या राहत्या खोलीवर आणून, प्रत्येक पायरी आधी मी इथे चालवायची आणि मग तुम्हाला लिहायची. इथे माझ्याकडे चालतं. तुमच्याकडे का चालत नाही हे मला माहीत नाही. सुट्टी मिळत नाही हे खोटं होतं. आले असते तर मला काहीच येत नाही हे तुम्हाला दिसलं असतं, म्हणून आले नाही.

खोली गेली तर ती माझ्यामुळे जाईल. कुरखेड्यात कोणी जाणता माणूस असेल तर त्याला दाखवा, माझी लाज पाहू नका.

एकच गोष्ट सुचते. तुमचा नेम मोडायला नको. वही राहू द्या. तक्ता तुमचा स्वतःचा आहे, त्यात कोणाचं गुपित नाही. चिठ्ठीवर एक ओळ आहे. ती मारली की डेटाबेस स्वतः मोजून सांगतो, प्रत्येक नावात किती अक्षरं आहेत. तुम्ही मोजू नका, त्यालाच मोजू द्या. आकडा कळवा. पत्र पोचताच उत्तर टाका, नाहीतर सव्वीसच्या आत काहीच होणार नाही.

खुशबू


कोहकाटोला
१७ जानेवारी २०२५

खुशबू, जय भीम.

पहिलं नाव तेरा. दुसरं नाव तेरा.

बाकीचं सव्वीस तारखेनंतर. टपाल निघून राह्यलं.

लटारूमामा


चंद्रपूर
२१ जानेवारी २०२५

मामा, जय भीम.

तुमच्या दोन ओळी वाचून आधी मी रडले. वाटलं, मामा बोलणं तोडून बसले. मग डोळे पुसून आकडा पाहिला.

तेरा. मी बोटावर मोजलं. इंग्रजीत पुस्तकची सहा, खोलीची पाच, मधला ठिपका एक. बारा झाली. दहावीची सहा, खोलीची पाच, ठिपका एक. परत बाराच. मग तुमच्याकडे तेरावं कोण?

मामा, तेरावा पूर्णविराम आहे. मी माझ्या पत्रात वाक्य संपलं म्हणून शेवटी ठिपका दिला आणि वर दटावून सांगितलं, जसं लिहिलं तसंच्या तसं उतरवा. तुम्ही तो ठिपकाही उतरवला. मग तुम्ही तक्ता लिहून पाठवला त्यात ठिपका होता, तर मला वाटलं मामा वाक्य संपवतात. म्हणजे माझा पूर्णविराम तुम्ही नाव समजून लिहिला आणि तुमच्या नावातला ठिपका मी पूर्णविराम समजून वाचला. दोन महिने हे चाललं.

फाईलवाल्या पद्धतीत शेवटी ठिपका लागतो, डेटाबेसवाल्याला तो मुळीच चालत नाही. त्याला ठिपकेवालं नाव म्हणजे वेगळंच नाव. दिनेशसरांना तेरा सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, पहिल्यांदा बसवला तेव्हा मीही हेच केलं होतं, आणि मला तर कोणी पत्रातून सांगितलं नव्हतं.

तर दोन्ही नावांच्या शेवटचे ठिपके पुसून टाका. मधले राहू द्या. हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. वेळेत पोचलं पाहिजे, एवढंच मनात आहे. मागच्या पत्रात लिहिलं त्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते मी समजले. खोली वाचली की मग मला काय बोलायचं ते बोला.

खुशबू


कोहकाटोला
२८ जानेवारी २०२५

खुशबू बेटा, जय भीम.

पहिले तुह्या रडण्याचं. मी बोलणं तोडलं नव्हतं. टपालवाला दारात उभा होता अन् मले त्याले थांबवता येत नाई, मीच कधी कोणासाठी थांबलो नाई. तू इंजिनेर नाईस हे वाचून मले वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू. गावभर सांगून बसलो होतो. बायनाबाईले पत्र वाचून दाखवलं त ती म्हणाली, पोरगी शिकून-शिकून तुमाले शिकवून राह्यली, याले काय कमी म्हणता? मंग माह्या बी डोक्यात उतरलं. दोघायले बी पुरतं येत नव्हतं अन् आपण ते केलं. ग्रामसभेत मले विचारलं, हे कोणी बसवलं. मी सांगतलं, माह्या भाचीनं. चंद्रपुरात ती फोनवर लोकायच्या मशीनी चालू करून देते.

आता सारं ओळीनं सांगतो.

तुहं पत्र पंचवीसले दुपारी आलं. ठिपके पुसले. एक नंबरवर नाव मारलं. 'असं नाव नाई'. दुसऱ्यांदा मारलं, नाई. मी खुर्चीवर बसून राह्यलो. दुसरा कॉम्प्युटर पाहाची हिंमत झाली नाई. वाटलं, गेली खोली.

सव्वीसले झेंडा झाला अन् ग्रामसभा खोलीच्या ओट्यावरच भरली. पत्रूनं सरळ सांगतलं, लटारूभाऊ, चालवून दाखवा. पोट्टे रात्रंदिवस मशीन चालूच सोडतात, त एक नंबर चालूच होता. मारलं. नाई. दोन नंबर. नाई. मांगून कोणी तरी हासलं. तीन नंबर बंद होता, तो चालू केला, नाव मारलं, अन् खुशबू, पुस्तकं उघडली. पहिल्याच झटक्यात. मंग चार नाई, पाच नाई.

पत्रूनं पाह्यलं अन् म्हणाला, "पाचातून एक. अन् तेही काऊन चालते तुले सांगता येत नाई. मी गावासमोर बोलतो. इथी रोज शिकाले येते अशा एका माणसाचं नाव सांग, फक्त एक, मी आत्ताच्या आत्ता गोदामाचं सोडतो."

सारं गाव माह्याकडे पाहून राह्यलं. नाव माह्या तोंडात आलं होतं, बेटा. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. एक नाव बोललो असतो त खोली वाचत होती. बायनाबाई बी माह्याकडेच पाहे, तिले बी ठावूक नव्हतं. मी तोंड मिटून उभा राह्यलो. पत्रू म्हणाला, पाहा, नाव नाई.

तवा बायांमधून वच्छला उठली. पत्रूची बायको. पदर सावरला अन् म्हणाली, "माहं लिहा. मी येऊन राह्यली, श्रावणापासून. दहावीले बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भरला मी. तीन नंबरवर मीच बसते."

पत्रू म्हणाला, तू त दुपारी बचत गटात जात होतीस? ती म्हणाली, गट सोमवारी सकाळी असते, दुपारी रोज इथी. मंग तिनं माह्या कॉम्प्युटरचं बी कोडं सोडवलं. म्हणे, जाताना मी मशीन बंद करून जाते, बाकीचे करत नाईत, म्हणून हे ताजं हाय. मी लगेच एक नंबर बंद करून चालू केला, तो बी उघडला. मंग बाकीचे. ज्या मशीननं काल 'नाई' ऐकलं ती तेच 'नाई' धरून बसली होती, नवीन विचारतच नव्हती. हे तुले ठावूक होतं का? नसन त लिहून ठेव.

पत्रूचा चेहरा असा झाला की मलेच त्याची दया आली. मंग त्यानं तिले हळूच विचारलं, पास होशीन का. ती म्हणाली, गणिताचं सांगता येत नाई. तो सभेले म्हणाला, बरं. हिची परीक्षा मार्चात संपते. तवापर्यंत खोली राहू द्या, मोह मंग ठेवू.

वच्छला तशीच उभी होती. म्हणाली, "अन् बारावी?"

सारी सभा हासली. पहिला हात बायनाबाईनं वर केला, मंग बाया, मंग माणसं. पत्रूनं सर्वायच्या शेवटी केला, पण केला. ठरावात लिहिलं, खोली पुस्तकायचीच. मोह यंदा पत्रूच्या पडवीत राहीन, त्याच्या घरची बाई तिथी नसतेच म्हणे दुपारची. हे तो स्वतःच बोलला, अन् हासला बी.

वच्छलानं तुह्यासाठी चिठ्ठी देली. बंद करून देली, मी तशीच आत ठेवली. त्यात काय हाय मले ठावूक नाई.

आता सुट्टी मागून ये. तुही मामी वाट पाहून राह्यली.

लटारूमामा


(आतल्या पाकिटात)

खुशबूताई, नमस्कार.

मी वच्छला पत्रू कुमरे. लटारूभाऊंकडे तुमचा पत्ता आहे, म्हणून लिहिते. पहिल्यांदाच कोणाला पत्र लिहून राह्यली, चुकलं तर समजून घ्या.

तक्त्यात नवीन नाव कसं टाकायचं ते मला लिहून पाठवा. भाऊंना नको, मला शिकायचं आहे. मला त्यात बारावी टाकायची आहे. बारावीचे धडे आपल्याकडे अजून नाहीत आणि माझी दहावी पण झाली नाही. मशीन नाव घेईल पण उघडणार काहीच नाही, हे मला समजते.

तरी टाकायचं आहे. कोणी विचारलं तर त्याने असं नाव नाही म्हणू नये.

वच्छला